घरगुती नेटवर्कवरील जुन्या-नव्या संगणकांमधील फाइलवाटप

घरगुती नेटवर्कवरील फाइलवाटप म्हणजे एकाच घरातील दोन किंवा अधिक संगणकांनी राउटर, स्विच किंवा थेट तारेच्या साहाय्याने एकमेकांच्या डिस्कवरील फायली वाचणे, लिहिणे अथवा उतरवून घेणे. एकाच काळातील संगणकांमध्ये ही देवाणघेवाण बहुधा विनासायास होते. मात्र एक संगणक विंडोज ९८ किंवा विंडोज एक्सपी चालवणारा आणि दुसरा विंडोज १० किंवा ११ चालवणारा असेल, तर दोन्ही यंत्रे एकाच राउटरला जोडलेली असूनही अनेकदा परस्परांशी संवाद साधू शकत नाहीत. दोष सहसा तारेत नसतो. सर्व्हर मेसेज ब्लॉक, संक्षेपाने एसएमबी, या प्रोटोकॉलची पहिली आवृत्ती नव्या प्रणालींनी सुरक्षेसाठी बंद केली आहे आणि जुन्या प्रणालींना नेमकी तेवढीच आवृत्ती येते, हे त्याचे मुख्य कारण होय.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. युनिकोडपूर्व काळातील मराठी मजकूर जुन्या संगणकातून सुखरूप बाहेर काढला, तरी तो नव्या संगणकावर वाचता येईलच असे नाही.

## जुने संगणक वापरात राहण्याची कारणे

नवा संगणक घेतल्यावरही जुना काढून न टाकण्यामागे दरवेळी काटकसरच असते असे नाही. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरची काही वर्षे मराठी अक्षरजुळणी मुख्यतः पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे ‘श्रीलिपी’, प्रगत संगणन विकास केंद्राचे म्हणजे सी-डॅकचे ‘आयएसएम’ आणि ‘आकृती’ यांसारख्या पॅकेजांवर चाले. त्यांच्या जोडीला पेजमेकर आणि कोरलड्रॉ असत. पेजमेकरची शेवटची प्रमुख आवृत्ती, ७.०, २००१ साली आली. त्यात देवनागरी युनिकोडची सोय नव्हती. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, स्मरणिका, मंडळांचे अहवाल आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका अशा असंख्य फायली या साधनांनी तयार झाल्या. त्या जशाच्या तशा उघडायच्या, तर तेच सॉफ्टवेअर आणि तेच फॉन्ट लागतात.

त्या काळातील बऱ्याच पॅकेजांना हार्डवेअर लॉक, म्हणजे डोंगल, लावावे लागे. त्यांपैकी काही डोंगल समांतर पोर्टात बसत आणि तसे पोर्ट आजच्या मदरबोर्डवर सहसा मिळत नाही. जुनी प्रणाली नव्या संगणकात आभासी यंत्र म्हणून चालवण्याचा उपाय याच ठिकाणी अडतो. मग जुने यंत्र चालते ठेवण्यासाठी सुट्या भागांची शोधाशोध सुरू होते. मुंबईत त्यासाठी ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, प्रसिद्ध आहे.

## इतिहास

एसएमबीचा आरंभ १९८३ च्या सुमारास आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांच्या कामातून झाला. पुढे मायक्रोसॉफ्टने तो आपल्या लॅन मॅनेजर या उत्पादनात विस्तारला. ऑक्टोबर १९९२ मध्ये आलेल्या ‘विंडोज फॉर वर्कग्रुप्स’मुळे स्वतंत्र सर्व्हर न ठेवता दोन साध्या संगणकांनी परस्परांचे फोल्डर वापरणे सोपे झाले आणि विंडोज ९५ ने ही सोय घरोघरी नेली. त्याच सुमारास कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील अँड्र्यू ट्रिजेल यांनी याच प्रोटोकॉलची मुक्त अंमलबजावणी लिहिली. तिला नाव देताना त्यांनी शब्दकोशाच्या फाइलमध्ये एस, एम आणि बी ही अक्षरे याच क्रमाने येणारे शब्द शोधले. त्यांत ‘साम्बा’ सापडला. आज लिनक्स संगणक आणि घरगुती साठवण-पेट्या विंडोजशी बोलतात त्या बहुधा साम्बाच्याच आधारे.

मुंबईच्या उपनगरांचा संगणक-नेटवर्कशी संबंध जुना आहे. १९८६-८७ च्या सुमारास जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, आणि पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोन लाइनवरून ई-मेलची देवाणघेवाण होऊ लागली. भारतातील एर्नेट या शैक्षणिक नेटवर्कच्या उभारणीतील ते आरंभीचे पाऊल होते. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुली केली.

त्यानंतरच्या काळात उपनगरांतील अनेक इमारतींना स्थानिक केबलचालकांनी गच्चीवरून गच्चीवर टाकलेल्या इथरनेट तारांनी इंटरनेट पुरवले. घरात राउटर नसे. तार थेट संगणकात जाई. परिणामी एकाच स्विचवरील घरे तांत्रिकदृष्ट्या एकाच नेटवर्कवर येत आणि ‘नेटवर्क नेबरहूड’ उघडले की शेजाऱ्यांचे खुले फोल्डर दिसू शकत. विंडोजने दिलेले ‘नेबरहूड’ हे नाव तेथे अनपेक्षितपणे शब्दशः खरे ठरले. घरगुती राउटर सार्वत्रिक झाल्यावर घराचे नेटवर्क वेगळे पडले. पण जुन्या संगणकांतील ‘सर्वांना खुले’ हे फोल्डरचे नियम त्या काळापासून तसेच राहिलेले आढळतात.

## तार आणि वाय-फाय

जुन्या-नव्यांचे सर्वांत उत्तम जमते ते तारेच्या पातळीवर. १९९० च्या दशकातील १० मेगाबिटचे नेटवर्क कार्ड आजच्या बहुतेक गिगाबिट स्विचला लावले, तरी दोन्ही बाजू आपसांत वेग ठरवून काम सुरू करतात. अपवाद आहे तो फक्त काही अतिवेगवान पोर्टांचा, जे १० मेगाबिटपर्यंत खाली येत नाहीत. दोन संगणक थेट जोडण्यासाठी पूर्वी आवश्यक असलेली उलटसुलट जोडणीची ‘क्रॉसओव्हर’ तारही गिगाबिट कार्डांना लागत नाही. वेग अर्थात मंद यंत्राचाच राहतो. एक गिगाबाइटची फाइल १०० मेगाबिटच्या जोडणीवर दीड मिनिटाच्या आसपास जाते. १० मेगाबिटवर तिला सुमारे पंधरा मिनिटे लागतात.

वाय-फायची स्थिती वेगळी आहे. विंडोज एक्सपीला डब्ल्यूपीए२ समजण्यासाठी सर्व्हिस पॅक ३ किंवा त्याआधीची स्वतंत्र दुरुस्ती लागते. डब्ल्यूपीए३ त्याला कळतच नाही. अशा यंत्रासाठी घराच्या वाय-फायची सुरक्षा उतरवणे अयोग्य होय. शिवाय जुनी कार्डे मुख्यतः २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यावर चालतात. गोराई आणि चारकोप येथील म्हाडाच्या वसाहतींसारख्या दाट वस्तीत भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांचे राउटर याच पट्ट्यात एकमेकांवर कुरघोडी करतात, कारण त्यात परस्परांवर न येणाऱ्या वाहिन्या तीनच आहेत. वीस फुटांची साधी तार हा तेथे अधिक शहाणपणाचा मार्ग ठरतो.

## एसएमबीच्या आवृत्त्या आणि तुटलेला संवाद

विंडोज एक्सपी आणि त्याआधीच्या सर्व विंडोज आवृत्त्यांना एसएमबीची फक्त पहिली आवृत्ती येते. दुसरी आवृत्ती विंडोज व्हिस्टाबरोबर आली. तिने शंभराहून अधिक आज्ञांचा पसारा १९ आज्ञांवर आणला. तिसरी आवृत्ती २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर आली आणि तिने वाटेतील मजकूर कूटबद्ध करण्याची सोय दिली. विंडोज १० मध्ये ३.१.१ ही उपआवृत्ती आहे. दोन संगणक जोडले जाताना दोघांना येणारी सर्वांत वरची आवृत्ती निवडली जाते. एकाला फक्त पहिली येत असेल आणि दुसऱ्याने तिला नकार दिला असेल, तर बोलणे सुरू होण्याआधीच संपते.

हा नकार टप्प्याटप्प्याने आला. ऑक्टोबर २०१७ च्या अद्यतनापासून, म्हणजे १७०९ या आवृत्तीपासून, विंडोज १० च्या नव्या स्थापनेत पहिल्या आवृत्तीचा सर्व्हर भाग मुळात चालू नसतो. सप्टेंबर २०१९ मधील साम्बा ४.११ नेही ती आवृत्ती मुळातून बंद ठेवली. विंडोज ७ बरोबर आलेली ‘होमग्रुप’ ही सोपी वाटप-पद्धत २०१८ मध्ये विंडोज १० मधून काढण्यात आली. ती एक्सपीला कधीच उपलब्ध नव्हती. विंडोज ११ च्या २०२४ मधील २४एच२ या आवृत्तीत, प्रो आणि एंटरप्राइज प्रकारांसाठी, प्रत्येक संदेशावर अंकीय सही सक्तीची झाली आणि पासवर्डविना ‘पाहुणा’ म्हणून शिरण्याची वाट बंद झाली. त्यामुळे काही घरांत कालपर्यंत चालणारी साठवण-पेटी एका अद्यतनानंतर अचानक दिसेनाशी झाली.

‘दिसत नाही’ आणि ‘जोडता येत नाही’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. जुन्या विंडोजमध्ये नेटवर्कवरील संगणकांची यादी त्यांच्यापैकीच एक संगणक ठेवत असे आणि तो कोण, हे सर्व संगणक आपसांत निवडणूक घेतल्याप्रमाणे ठरवत. नव्या प्रणाली शोधासाठी निराळी पद्धत वापरतात. म्हणून यादीत नाव नसले, तरी ॲड्रेस बारमध्ये दोन उलट्या तिरक्या रेघा आणि त्यापुढे दुसऱ्या संगणकाचा आयपी पत्ता लिहून पाहिल्यास अनेकदा फोल्डर उघडतो. तेही न झाल्यासच आवृत्तीचा किंवा पासवर्डचा दोष धरावा.

पासवर्डांचीही पिढी बदलली आहे. विंडोज ९८ ज्या पडताळणीवर अवलंबून आहे, ती पासवर्डातील सर्व रोमन अक्षरे मोठ्या लिपीत बदलते, चौदा अक्षरांनंतरचे सोडून देते आणि उरलेल्याचे सात-सातचे दोन तुकडे करून ते स्वतंत्रपणे तपासते. अशी पडताळणी आजचा संगणक काही क्षणांत फोडू शकतो. नव्या प्रणाली ती स्वीकारत नाहीत ते योग्यच आहे. रिकामा पासवर्ड असलेल्या खात्याला तर एक्सपीपासूनच नेटवर्कवरून प्रवेश मिळत नाही. एकट्याने वापरायच्या घरच्या संगणकाला पासवर्ड कशाला, अशा समजुतीने चालवलेली यंत्रे येथेच अडकतात.

## सुरक्षेचा प्रश्न

पहिली आवृत्ती बंद करण्यामागचे कारण २०१७ साली सर्वांच्या लक्षात आले. तिच्या सर्व्हर भागातील एका त्रुटीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिली होती. ‘इटर्नलब्लू’ हे त्याच त्रुटीचा वापर करणारे साधन एप्रिलमध्ये उघड झाले आणि १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्राम त्याच्या आधारे दीडशेहून अधिक देशांत पसरला. त्यासाठी कोणी चुकीच्या दुव्यावर टिचकी मारण्याची गरज नव्हती. नेटवर्कवर असुरक्षित यंत्र असणे पुरेसे होते. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजीच संपला होता, तरी या प्रसंगी मायक्रोसॉफ्टने त्यासाठीही दुरुस्ती उपलब्ध केली. बाधित यंत्रांत बहुसंख्य एक्सपी नव्हे, तर दुरुस्ती न बसवलेली विंडोज ७ होती. जुने यंत्र तेवढे धोकादायक, हा समज म्हणून अपुरा आहे.

त्यानंतर २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’चा हल्ला झाला. युक्रेनमधील एका हिशेब-सॉफ्टवेअरच्या अद्यतनातून निघालेला हा प्रोग्राम मेर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या यंत्रणेत शिरला. मुंबईसमोरच्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील, याच समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे काम त्यामुळे विस्कळीत झाले. नॉटपेट्या इटर्नलब्लूबरोबरच, बाधित संगणकाच्या स्मृतीतून चोरलेले पासवर्डही वापरत असे. दुरुस्ती बसवलेले संगणकही त्याला बळी पडले ते या दुसऱ्या वाटेने. घरातील सर्व संगणकांना एकच प्रशासकीय पासवर्ड ठेवण्याची सवय याच कारणाने टाळण्याजोगी आहे.

घरात बंदर नसते. पण मुलांचे फोटो, दस्तऐवजांच्या प्रती आणि वर्षानुवर्षांच्या कामाच्या फायली एकाच वाटलेल्या फोल्डरमध्ये असतात, आणि खंडणीखोर प्रोग्राम लिहिण्याचा अधिकार असलेल्या प्रत्येक फोल्डरपर्यंत पोहोचतो.

## प्रचलित मार्ग

सर्वाधिक सुचवला जाणारा उपाय म्हणजे नव्या विंडोजमध्ये ‘विंडोज फीचर्स’मधून एसएमबीची पहिली आवृत्ती पुन्हा चालू करणे. तो सर्वांत सोपा आहे आणि सर्वांत शेवटी करावा असाही आहे. जेथे दुसरा इलाज नाही, तेथे निदान फक्त क्लायंट भाग चालू करावा आणि सर्व्हर भाग बंदच ठेवावा. अशा वेळी फोल्डर जुन्या संगणकावर वाटला जातो आणि नवा संगणक तेथे जाऊन फायली आणतो. इटर्नलब्लूने वापरलेली त्रुटी सर्व्हर भागातील असल्यामुळे नव्या यंत्राचे दार या मांडणीत तुलनेने बंद राहते. विंडोजच्या ‘आपोआप काढणे’ या पर्यायामुळे पंधरा दिवस न वापरलेला हा भाग पुन्हा निघून जातो. ‘मागच्या महिन्यात चालत होते’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा तेथे असते.

त्याहून चांगली मांडणी म्हणजे मध्यस्थ संगणक. लिनक्स आणि साम्बा चालवणारे छोटे यंत्र, रास्पबेरी पाय किंवा एखादा पडून असलेला लॅपटॉप, यासाठी पुरतो. साम्बाच्या रचनेत किमान आवृत्ती खाली आणली की एक्सपी त्याच्याशी पहिल्या आवृत्तीत बोलतो आणि विंडोज ११ तिसऱ्या आवृत्तीत. विंडोज ९८ साठी जुन्या पासवर्ड-पडताळणीलाही मुभा द्यावी लागते. नव्या संगणकाला आपली पातळी सोडावी लागत नाही. मध्यस्थ यंत्र मात्र कमकुवत राहते. म्हणून त्यावर फक्त ने-आणीचा फोल्डर ठेवावा, एकमेव प्रत कधीही ठेवू नये. साम्बाही त्रुटींपासून मुक्त नाही. मे २०१७ मध्येच त्यातील एका गंभीर त्रुटीची दुरुस्ती द्यावी लागली होती. यूएसबी पोर्ट असलेले काही राउटर स्वतःच असे वाटप करतात, पण त्यांतील जुने नमुने फक्त पहिलीच आवृत्ती जाणतात.

जुन्या संगणकाला इंटरनेटपासून तोडणे हे याबरोबरच करायचे काम आहे. त्याचा आयपी पत्ता हाताने भरून ‘डिफॉल्ट गेटवे’ची चौकट रिकामी ठेवली, की तो घरातील यंत्रांशी बोलतो, मात्र राउटरपलीकडे जात नाही. घरातील दुसऱ्या बाधित संगणकापासून या उपायाने संरक्षण मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे लागते.

एसएमबी पूर्णपणे टाळूनही काम भागते. नव्या संगणकावर पायथन असल्यास एका ओळीच्या आज्ञेने तात्पुरता वेब सर्व्हर सुरू होतो आणि एक्सपीवरील जुना ब्राउझर त्यावरून फायली उतरवून घेतो. आजची कूटबद्ध संकेतस्थळे ज्या ब्राउझरला उघडत नाहीत, त्यालाही घरातील साधा एचटीटीपी पत्ता उघडतो. उलट दिशेच्या ने-आणीसाठी एफटीपी वापरता येते. २०२१ मध्ये प्रमुख ब्राउझरांनी एफटीपीचा आधार काढला, तरी त्यासाठीचे स्वतंत्र प्रोग्राम मिळतात. एफटीपीत पासवर्ड उघडा जात असल्याने तो अन्य कोठे वापरलेला नसावा.

पेन ड्राइव्ह हा अर्थातच नेटवर्कबाहेरचा मार्ग आहे. दोन्हींना चालणाऱ्या फॅट३२ रचनेत एका फाइलला चार गिगाबाइटची मर्यादा असते आणि विंडोज ९८ ला बहुतेक पेन ड्राइव्हसाठी वेगळा ड्रायव्हर लागतो. येथे नेटवर्कचा एक लाभ उठून दिसतो. विंडोज ९८ ला एनटीएफएस डिस्क थेट वाचता येत नाही. पण तीच डिस्क दुसऱ्या संगणकाने वाटली, तर तिच्यावरील फायली वाचता येतात, कारण डिस्कची रचना सांभाळण्याचे काम त्या दुसऱ्या संगणकाचे असते.

## मराठी मजकूर आणि फायलींची नावे

युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या संकेतांवर बसवलेली असत. फाइल नव्या संगणकावर बिनचूक पोहोचली, तरी तो फॉन्ट नसल्यास पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग दिसते. फाइल वाटेत बिघडली असा समज त्यामुळे होतो. वस्तुतः तिचा एकही बाइट बदललेला नसतो. प्रत्येक निर्मात्याची अक्षरयोजना वेगळी असल्याने कोणताही जुना फॉन्ट बसवून उपयोग होत नाही, आणि युनिकोडमध्ये रूपांतर करणाऱ्या साधनालाही मूळ फॉन्टचे कुटुंब सांगावे लागते. म्हणून फायलींबरोबर जुन्या संगणकावरील फॉन्टचा फोल्डरही हलवणे महत्त्वाचे आहे. ज्या मजकुरात पुढे बदल करायचा नाही, त्याची जुन्या यंत्रावरच फॉन्ट अंतर्भूत करून पीडीएफ काढणे सर्वांत सुरक्षित.

विंडोजने देवनागरी युनिकोडला आधार दिला तो विंडोज २००० पासून. त्याबरोबर आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट मुंबईचे सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी रचला होता. एक्सपीमध्ये देवनागरी नीट दिसण्यासाठी प्रादेशिक भाषांच्या मांडणीतून जटिल लिप्यांचा पर्याय चालू करावा लागतो. विंडोज ९८ ला मात्र युनिकोड नावे झेपत नाहीत. नव्या संगणकावरील ‘आजोबांचे पत्र’ नावाची फाइल तेथे प्रश्नचिन्हांच्या किंवा अधोरेषांच्या ओळीसारखी दिसते आणि बहुधा उघडत नाही. अशा फाइलला ने-आणीपुरते रोमन नाव देणे भाग पडते.

मॅक आणि विंडोज यांच्यात एका मराठी अक्षराची खास अडचण आहे. ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतील ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच स्वतंत्र संकेत म्हणून, किंवा र आणि नुक्ता असे दोन संकेत म्हणून. दोन्ही दिसायला सारखे असतात आणि युनिकोडच्या नियमांनुसार समतुल्यही. परंतु मॅकची जुनी एचएफएस प्लस ही डिस्क-रचना नावे दुसऱ्या, विलग रूपात साठवते. विंडोज आणि लिनक्स लिहिलेले रूप तसेच ठेवतात. त्यामुळे नक्कल करताना एकाच फोल्डरमध्ये ‘दऱ्याखोऱ्या’ नावाच्या, डोळ्यांना तंतोतंत सारख्या दोन फायली उभ्या राहू शकतात, किंवा शोध घेतल्यावर समोर असलेली फाइल सापडत नाही.

## तारीख आणि वेळ

जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरील, बहुधा सीआर२०३२ प्रकारची, नाण्याएवढी बॅटरी संपली की वीज गेल्यावर त्याचे घड्याळ मूळ तारखेला परत जाते. त्या स्थितीत आज दुरुस्त केलेल्या फाइलवर कित्येक वर्षांपूर्वीची तारीख पडते. ‘नवी फाइल ठेवा, जुनी बदला’ या नियमाने चालणारा नक्कल-प्रोग्राम मग आजच्या कामावर मागच्या महिन्याची प्रत चढवतो आणि कोणताही इशारा देत नाही. इंटरनेटपासून तोडलेला संगणक आपले घड्याळ इंटरनेटवरून सुधारूही शकत नाही. बॅटरी काही रुपयांत मिळते. ती बदलून तारीख हाताने लावणे आणि पहिल्या नक्कलेआधी दोन्ही संगणकांची घड्याळे जुळवून पाहणे, हे प्रोटोकॉलच्या कोणत्याही मांडणीआधी करायचे काम आहे.